हिंदुकुशातल्या तीन दऱ्या

पाकिस्तानच्या वायव्य टोकाला, चित्राल शहराच्या दक्षिणेस, बुंबुरेत, रुंबूर आणि बिरीर या तीन अरुंद दऱ्या अफगाणिस्तानच्या सीमेकडे चढत जातात. कलश लोकांचा मुलूख आता एवढाच उरला आहे. जुना धर्म पाळणाऱ्या कलशांची संख्या जेमतेम तीन-चार हजार भरेल. दरीच्या तळाशी गव्हाची आणि मक्याची छोटी शेतं असतात. ओढ्यातून काढलेल्या पाटांवर ती भिजतात. बांधांवर अक्रोड आणि तुती, त्यांच्यावर चढवलेले द्राक्षवेल, वरच्या अंगाला ओक, त्याहून वर देवदार आणि शेवटी उन्हाळी कुरणं. लाकूड आणि दगड यांची घरं उतारावर अशी रचलेली असतात, की खालच्या घराचं छप्पर हेच वरच्या घराचं अंगण होतं.

हा समाज टिकला, त्यात सीमारेषेचा वाटा फार मोठा आहे. एके काळी या डोंगराळ पट्ट्यातल्या बिगरमुस्लिम जमातींच्या प्रदेशाला काफिरिस्तान म्हणत. 1893 मध्ये ड्युरंड सीमारेषेचा करार झाला आणि काफिरिस्तानचा बहुतेक भाग अफगाणिस्तानकडे गेला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमीर अब्दुर रहमान खान याने तो जिंकला, तिथल्या लोकांचं धर्मांतर घडवलं आणि प्रदेशाला पुढे नुरिस्तान हे नाव मिळालं. कलशांच्या दऱ्या रेषेच्या अलीकडे, चित्रालच्या मेहतराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, अमलाखाली होत्या. मेहतराचं राज्य सुखाचं नव्हतं. कर होता, वेठबिगारी होती. पण त्याच अमलाखाली कलशांचे देव राहिले. चित्राल संस्थान 1947 मध्ये पाकिस्तानात सामील झालं आणि 1969 मध्ये पूर्णपणे विलीन झालं.

त्यांची भाषा, कलशा, भारतीय-आर्य कुळातल्या दार्दिक गटाची आहे. म्हणजे मराठीशी तिचं दूरचं नातं लागतं. शेजारच्या नुरिस्तानी भाषा वेगळ्या शाखेच्या मानल्या जातात. देवांत महानदेव आहे, रुंबूरमध्ये सज्जिगोर आहे, घर आणि कुटुंब राखणारी जेष्टक ही देवी आहे. पुरुषदेवतांची ठाणी गावाबाहेर, उघड्यावर असतात, तर जेष्टकचं देऊळ गावात असतं.

कलशांचं जगणं समजून घ्यायचं तर शेळ्यांपासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या विचारात प्रत्येक जागा, प्राणी आणि काम ‘ओंजेष्टा’ म्हणजे शुद्ध किंवा ‘प्रगाता’ म्हणजे अशुद्ध या बाजूंना पडतं. उंच कुरणं, शेळ्यांचे गोठे, देवांची ठाणी शुद्ध. दरीचा खालचा भाग अशुद्धतेकडे झुकलेला. म्हणून शेळ्या पुरुषांनी राखायच्या आणि शेती मुख्यतः स्त्रियांनी करायची. मासिक पाळीत आणि बाळंतपणात स्त्रिया गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ असलेल्या ‘बशाली’ नावाच्या सामाईक घरात राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात फक्त बहिष्कार दिसतो, पण तेवढंच म्हणून थांबणं अपुरं आहे. बशालीत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही; तिथे स्त्रियांना विसावा आणि एकमेकींची सोबत मिळते. याच समाजात विवाहित स्त्री नवरा सोडून दुसऱ्याबरोबर जाऊ शकते. नव्या नवऱ्याने पहिल्याला वधूमूल्याच्या दुप्पट भरपाई द्यायची असते.

स्त्रियांचा वेष रोजचाच आहे, सणापुरता नाही. पूर्वी लोकरीचा आणि आता सुती, घेरदार काळा झगा, त्यावर रंगीत भरतकाम, गळ्यात माळांचे थर. केसांच्या पाच वेण्या घालतात, त्यातली एक कपाळावरून. डोक्यावर कवड्या आणि मणी शिवलेली पट्टी, तिचं शेपूट पाठीवर सोडलेलं.

वर्षाचे सण शेतीच्या आणि कळपांच्या चक्राला बांधलेले आहेत. मे महिन्यात जोशी, दुधाचा आणि फुलांचा, ऑगस्टमध्ये उचाल. सर्वांत मोठा चौमोस, हिवाळी अयनदिनाच्या सुमारास, कळप खाली आल्यावर येतो. बलुमैन हा देव तेव्हा घोड्यावरून येऊन दऱ्यांत राहतो, अशी श्रद्धा आहे. त्या आधी सगळ्यांची शुद्धी होते: पुरुषांवर बळीच्या बोकडाचं रक्त शिंपडतात, स्त्रियांसाठी जुनिपरचा धूर करतात. कणकेच्या शेळ्या करून भाजतात. या शुद्ध दिवसांत परक्यांना दूर ठेवलं जातं, आणि धर्मांतर केलेले सख्खे नातेवाईकही त्यात परके ठरतात. हे दिवस ठरवायला छापील पंचांग लागत नाही. सूर्य कोणत्या कड्याआड उतरतो, हे ठरावीक जागेवरून पाहून वडीलधारे दिवस सांगतात. ‘सुरी जगेक’ नावाची ही विद्या युनेस्कोने 2018 मध्ये तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतली.

मृत्यूही इथे समारंभाने साजरा होतो. ढोल, नाच, अनेक बोकड, दोन-तीन दिवसांची पाहुण्यांची गर्दी. मृतदेहाच्या लाकडी पेट्या पूर्वी न पुरता जमिनीवरच ठेवत. आता पुरण्याची पद्धत वाढली आहे. मोठ्या जेवणावळी घातलेल्या पुरुषांसाठी ‘गंदाव’ नावाचे लाकडी पुतळे उभे करत. त्यातले बरेच चोरीला गेले.

प्रवासी माहितीपत्रकांत कलश हटकून सिकंदराच्या सैनिकांचे वंशज ठरतात, मुख्यतः काहींच्या गोऱ्या रंगावरून आणि निळ्या-हिरव्या डोळ्यांवरून. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात अशा ग्रीक मिश्रणाचा पुरावा मिळाला नाही. दिसला तो दीर्घकाळ वेगळा राहिलेला समाज. या कथेमुळे पर्यटक आले, पण लोकांची स्वतःची ओळख झाकली गेली, हे नुकसान थोडं नाही. आज हॉटेलांचा व्यवसाय बराचसा बाहेरच्यांच्या हाती आहे, आणि नाचणाऱ्या बायकांवर कॅमेरे रोखले जातात.

धर्मांतराचा दाब कायम आहे आणि काही पाड्यांत कलश अल्पसंख्य झाले आहेत. दुसरीकडे बुंबुरेतच्या ब्रून गावात ग्रीक स्वयंसेवकांच्या मदतीने ‘कलशादूर’ हे संग्रहालय आणि शाळा उभी आहे. केवळ बोलीत जगलेल्या भाषेला रोमन अक्षरांवर आधारलेली वर्णमाला मिळाली आहे. 2018 मध्ये वजीर जादा हे अल्पसंख्याकांच्या राखीव जागेवरून खैबर पख्तुनख्वा विधानसभेत गेले; तिथे पोहोचलेले ते पहिले कलश.