पाणी चोवीस तास, तरी नळात शिळं

कराडलगतच्या मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना सुरू होऊन दीड दशक उलटलं. जलवाहिनीत सतत दाब असल्याने गळक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जात नाही, हा अशा योजनेचा सर्वांत मोठा गुण. पण तो गुण मीटरपर्यंतचा. पुढची जबाबदारी इमारतीची.

गैरसमज : दाब आहे, म्हणजे पाणी ताजंच.

नळ उघडलाच नाही, तर कितीही दाब असला तरी पाणी जागचं हलत नाही. मे महिन्यात रिकामी पडलेली वसतिगृहं, सुट्टीतल्या शाळा, रुग्णालयातली बंद खोली, मुलं पुण्या-मुंबईला असल्याने कुलूपबंद राहिलेलं घर, सगळीकडे हेच होतं. साचलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू संपतो. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा. क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करून पाहा : वाहत्या नळाच्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकले की पिवळी छटा येते, बरेच दिवस बंद असलेल्या नळाच्या पहिल्या पाण्यात अनेकदा येतच नाही. शिवाय गच्चीवरच्या पाइपात पाणी कोमट होतं आणि 20 ते 45 अंश तापमान लीजिओनेला या रोगकारक जिवाणूला मानवतं. तो पिण्यातून नव्हे, तर मुख्यतः शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो.

गैरसमज : पाणी उकळलं की झालं.

जंतू मरतात, पण साचलेल्या पाण्यात पाइपातून उतरलेला धातू तसाच राहतो. म्हणून वापरण्याआधी हे पाणी सोडून द्यायचं.

गैरसमज : साचलेलं पाणी सोडून देणं म्हणजे नासाडी.

हिशेब करा. 15 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे सुमारे 180 मिलिलिटर पाणी मावतं. 40 मीटरला सात लिटर, म्हणजे अर्धी बादलीही नाही. ते झाडांना घाला, फरशीला वापरा.

गैरसमज : पाणी सोडून देणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह कुठेही बसवला तरी चालतो.

असा व्हॉल्व्ह टायमरवर किंवा पाण्याच्या तापमानावर उघडतो, साचलेलं पाणी वाहून जाऊ देतो आणि बंद होतो. पण तो पाइपाच्या फाट्याच्या शेवटच्या टोकालाच हवा. मध्येच बसवला तर पुढचं पाणी तसंच पडून राहतं. जर्मनीतल्या नियमावलीत पाणी 72 तासांहून जास्त न वापरता राहू नये, असं म्हटलं आहे. रुग्णालयं आणि वसतिगृहांनी अशा व्हॉल्व्हचा खर्च जरूर करावा. घरी शेजाऱ्याकडे किल्ली देऊन दर दोन-तीन दिवसांनी सगळे नळ सोडायला सांगितले तरी पुरतं. शॉवर मात्र खिडकी उघडून, शॉवरहेड काढून सोडावा.