धुक्यांतील तरंगतीं भुतें

पौष महिन्यांतील पहाट. वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणारी वर्धा नदी धुक्याखालीं दडलेली असते. पवनारजवळ धाम नदीचें पात्र कोठें संपतें आणि कांठ कोठें लागतो हें ओळखूं येत नाहीं. सेलू तालुक्यांतील बोर धरणाच्या जलाशयावर पांढरी दुलई पसरलेली असते. अशा वेळीं शेताची राखण करून परतणाऱ्या माणसाला तुरीच्या पिकावरून कांहींतरी पांढरें सरकत जातांना दिसतें. पंखांची फडफड नाहीं, पावलांचा आवाज नाहीं. क्षणभर तें तरंगतें आणि धुक्यांत विरून जातें. घरीं येऊन तो सांगतो कीं, आज हडळ दिसली. ऐकणाऱ्यांपैकीं एखादा वडीलधारा म्हणतो, हडळ नव्हे, चकवा असेल. बरें झालें, बाबा, तूं त्याच्या मागें गेला नाहींस.

धुक्यांत असे जीव पाहणारा केवळ आपलाच शेतकरी आहे असें नाहीं. जगांतील अनेक देशांच्या लोककथांत धुक्याला अज्ञाताचें घर मानलेलें आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक खेळाडू कथेंतील एक पात्र होतो आणि सर्व मिळून कल्पित जगांत प्रवास करतात. याच खेळासाठीं १९८३ सालीं 'रेव्हनलॉफ्ट' नांवाची एक साहसकथा निघाली. तींतील प्रदेशाला धुक्यानें वेढलेलें असून तें धुकें आंत आलेल्या प्रवाशाला बाहेर पडूं देत नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांतलीं मुलें आज असे खेळ आवडीनें खेळतात. त्यांच्या खेळांतील हें धुकें आणि खेड्यांतील आजोबांचा चकवा हीं एकमेकांचीं सख्खीं भावंडें आहेत.

'भूतबीत सर्व झूट आहे' असें म्हणून हंसणें सोपें आहे. पण त्यानें कोणाचेंच समाधान होत नाहीं. कारण पाहणाऱ्यानें जें पाहिलें तें बहुधा खरेंच असतें. चुकतें तें त्यावरून काढलेलें अनुमान. म्हणून धुकें म्हणजे काय, तें डोळ्यांना कसें फसवितें, आणि त्या पांढऱ्या आकाराचा खरा धनी कोण, या तीन प्रश्नांचा क्रमानें विचार करणें बरें.

धुकें म्हणजे जमिनीवर उतरलेला ढगच होय. पावसाळा संपला तरी विदर्भाच्या काळ्या मातींत ओल टिकून असते. हरभऱ्या-गव्हाला दिलेल्या पाण्यानें तींत आणखी भर पडते. हिंवाळ्यांतील निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि झपाट्यानें थंड होते. तिला लागून असलेली हवाहि थंड होते, आणि थंड हवेंत मावेनासें झालेलें बाष्प सूक्ष्म थेंबांच्या रूपानें प्रकट होतें. हे थेंब इतके बारीक असतात कीं, एका मिलिमीटरचे सुमारें शंभर भाग केले तर त्यांपैकीं एक-दोन भागांएवढाच त्यांचा व्यास भरतो. एक किलोमीटरच्या आंतलेंहि दिसेनासें झालें म्हणजे हवामानशास्त्रज्ञ त्या स्थितीला धुकें म्हणतात. असें धुकें सखल जागीं आणि जमिनीलगत सर्वांत दाट असतें, वर विरळ होत जातें. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण भुतांच्या पायांचें रहस्य तिच्यांतच आहे. धुक्यांतून चालत येणाऱ्या मनुष्याचें डोकें व खांदे दिसतात, पण पाय दिसत नाहींत. पाय नसलेला मनुष्य पुढें येऊं लागला म्हणजे तो चालतो असें न वाटतां तरंगतो असेंच वाटावयाचें!

आतां डोळ्यांची फसगत पाहूं. दूरचा डोंगर फिका दिसतो आणि जवळचें झाड ठसठशीत दिसतें, हा आपल्या डोळ्यांचा जन्माचा अनुभव. त्यामुळें जें फिकें दिसेल तें दूर आहे असें मन आपोआप ठरवितें. धुक्यांत वीस पावलांवरची वस्तूहि फिकी दिसते. मन तिला दूरची समजतें. पण डोळ्यांत पडलेली तिची प्रतिमा तर जवळच्या वस्तूएवढीच असते. इतकी दूर असून एवढी दिसते, त्या अर्थीं ती प्रचंड असली पाहिजे, असा हिशेब मन मांडतें. बकरीचें कालवड होतें आणि पांखराचें माणूस होतें तें असें. गतीच्या बाबतींतहि हाच प्रकार होतो. पार्श्वभूमीशीं फारसा उठाव नसलेली आकृति मंद वेगानें सरकत असली तर ती आहे त्याहूनहि मंद भासते, असें इंग्लंडांतील पीटर थॉम्प्सन यांनीं १९८२ सालीं दाखवून दिलें. म्हणजे धुक्यांतील वस्तु खऱ्यापेक्षां मोठी, दूरची आणि संथ वाटते. हीं तिन्हीं कारणें एकत्र आलीं कीं, साध्या उडणाऱ्या जीवाचें तरंगणारें भूत होण्यास काय उशीर?

चकव्याची गोष्टहि अशीच उकलते. चकवा लागला म्हणजे मनुष्य रात्रभर चालतो आणि शेवटीं निघाल्या ठिकाणींच येतो, असें सांगतात. हें सांगणें अगदीं निराधार नाहीं. जर्मनींत यान साउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं लोकांना जर्मनींतील एका अरण्यांत व ट्युनिसियांतील वाळवंटांत सरळ रेषेंत चालावयास सांगितलें. सूर्य अगर चंद्र दिसत होता तोंवर ते सरळ चालले. ढगांनीं सूर्य झांकला तेव्हां अरण्यांतील मंडळी गोल फिरून आपल्याच मार्गाला छेदून गेली, आणि तें त्यांच्या लक्षांतहि आलें नाहीं. डोळे बांधून चालविलेल्यांचीं वर्तुळें तर कधीं कधीं वीस मीटर व्यासाइतकीं लहान निघालीं. दूरची खूण दिसेनाशी झाली कीं, पावलागणिक होणारी बारीक चूक सुधारण्यास कांहीं साधनच उरत नाहीं. चुकीवर चूक सांचत जाते आणि वाट वांकत जाते. धुक्यांत सूर्यहि नाहीं, टेकडीहि नाहीं आणि गांवचा दिवाहि नाहीं. तेव्हां चकवा बाहेर कोठें नसून आपल्याच पावलांत असतो. चकवा लागल्यास जागच्या जागीं बसून उजाडूं द्यावें, हा जुन्या माणसांचा सल्ला मात्र शास्त्राच्या कसोटीलाहि पुरेपूर उतरतो.

आतां राहिला तो पांढरा आकार. पुष्कळदां त्याचा धनी म्हणजे गव्हाणी घुबड होय. याची पाठ सोनेरी-करडी असते, पण पोट आणि पंखांची खालची बाजू पांढरी असते. चेहरा पत्त्यांतील बदामासारखा असून त्यांत दोन काळे डोळे असतात. पंख पसरले म्हणजे तीन फुटांच्या आसपास रुंदी भरते. वजन मात्र अर्ध्या किलोच्या आगेमागेंच. एवढे मोठे पंख आणि इतका हलका देह असल्यामुळें हा पक्षी पडेल इतक्या संथ गतीनेंहि पडत नाहीं. शेतावरून अगदीं खालून तो तरंगत जातो. पडक्या वाड्याचा माळा, जुन्या देवळाचा कोनाडा आणि झाडाची ढोली हीं त्याचीं आवडतीं घरें. तो इतर घुबडांसारखा घुमत नाहीं. तो किंचाळतो, आणि त्याचीं पिलें घोरल्यासारखा आवाज करतात. ओसाड वाड्यांत रात्रीं कोणी घोरत असल्याची वार्ता गांवांत कशी पसरते, हें यावरून समजून येईल.

याच्या उडण्याला आवाज कां होत नाहीं, हा प्रश्न विमानविद्येच्या लोकांनाहि पडला होता. ब्रिटिश आरमारांतील आर. आर. ग्रॅहॅम यांनीं १९३४ सालीं घुबडाच्या निःशब्द उड्डाणावर एक निबंध लिहून त्याचीं तीन कारणें सांगितलीं. पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे बारीक दांते असतात. मागच्या कडेला मऊ झालर असते. आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते. यांमुळें पंखांवरून जाणारी हवा खळबळत नाहीं आणि आवाज उठत नाहीं. ही निःशब्दता शिकारीसाठीं आहे. उंदराला चाहूल लागूं नये हा एक हेतु. आणि स्वतःच्या पंखांच्या आवाजांत उंदराची खसफस बुडून जाऊं नये हा दुसरा.

गव्हाणी घुबडाचे डावा व उजवा हे कान एका पातळींत नसतात. एका कानापर्यंत आवाज किंचित् आधीं पोंचतो यावरून त्याला दिशा कळते, आणि एका कानांत तो किंचित् मोठा ऐकूं येतो यावरून वर-खाली कळतें. बदामी चेहरा हा आवाज गोळा करणारा द्रोणच आहे. अमेरिकेंतील रॉजर पेन यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हें घुबड पूर्ण अंधाऱ्या खोलींत केवळ आवाजाच्या अनुरोधानें उंदीर अचूक पकडीत असे. वाळल्या पानांतून कागदाचा बोळा ओढला तरी तें त्यावर झडप घाली! अंधारांत किंवा धुक्यांत माणसाची दृष्टि लुळी पडते, पण या पांखराचें काम कानांवर चालतें.

हा सर्व खटाटोप केवळ कुतूहल शमविण्यापुरता नाहीं. भूत समजून जो आकार दगडांनीं हांकलला जातो, तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार असतो. एका रात्रींत तो तीन-चार उंदीर सहज खातो, आणि पिलें असतांना त्याहून कितीतरी अधिक मारून आणतो. इस्रायलमध्यें स्दे एलियाहू येथील सामूहिक शेतवस्तींत १९८३ पासून या घुबडांसाठीं मुद्दाम लांकडी पेट्या बसविण्यांत आल्या. मलेशियांतील ताडतेलाच्या मळ्यांतहि तोच उपाय योजण्यांत आला. आपल्याकडे मात्र त्याला अशुभ म्हणून मारतात, आणि दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठीं त्याचे बळी देण्याची क्रूर रूढि देशाच्या कांहीं भागांत अद्यापि आहे. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घुबड पकडणें, मारणें व विकणें हे गुन्हे ठरविलेले आहेत.

नुकसान पक्ष्याचेंच होतें असेंहि नाहीं. धुक्यांत कांहीं दिसल्यावर एखादी सून वा मुलगा तापानें फणफणला, तर वैद्याऐवजीं मांत्रिकाकडे धांव घेतली जाते. त्यांत पैसा जातो, वेळ जातो आणि प्रसंगीं जीवहि जातो. भूत उतरविण्याच्या मिषानें माणसाला मारहाण करणें किंवा चटके देणें हें महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें दंडनीय ठरलें आहे. पण कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतो, आंतली समजूत घरच्यांनींच बदलावी लागते.

भीति वाटणें यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. १९३६ पासून ज्यांच्या वास्तव्यानें वर्ध्याजवळचें सेवाग्राम जगाला माहीत झालें, त्या महात्मा गांधींनींहि लहानपणीं आपणांस भुतांची भीति वाटे आणि दिव्यावांचून झोंप येत नसे, असें आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. मुलांना भुतांच्या गोष्टी सांगूंच नयेत असेंहि नाहीं. कल्पनेला तेवढा खाऊ हवाच. मात्र गोष्ट संपल्यावर त्यांना एकदां धुक्यांत बाहेर न्यावें, आणि वीस पावलांवरचें झाड किती दूर वाटतें तें आधीं विचारून मग पावलें मोजावयास लावावीं. अंगणांतल्या जुन्या झाडाची ढोली बुजवूं नये, आणि उंदरांसाठीं विष घालण्यापूर्वीं तो मेलेला उंदीर कोणाच्या पोटांत जाईल याचाहि विचार करावा.