वाढते वजन आणि कर्करोग

लग्नानंतर प्रथम माहेरी आलेल्या मुलीने जरा अंग धरलेले दिसले, की आईला समाधान वाटते. सुटलेले पोट हे खाऊनपिऊन सुखी असल्याची खूण, अशी आपली जुनी समजूत आहे. ज्या समाजाने १९७२ सालासारखे दुष्काळ सोसले, त्याला असे वाटावे हे स्वाभाविकच होय. तथापि, याच वाढत्या मेदाचा कर्करोगाशी निकटचा संबंध असल्याचे वैद्यकीय संशोधनाने आता सिद्ध केले आहे. आणि तंबाखूचा धोका जितका लोकांच्या कानांवर गेला आहे, तितका हा गेलेला नाही.

हा संबंध समजण्यासाठी कर्करोग उद्भवतो कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी झिजतात, मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातील जनुकांची नक्कल केली जाते. या नकलेत अधूनमधून चुका होतात. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते. दुरुस्ती अशक्य असेल, तर ती पेशी आपण होऊन नाश पावते. परंतु वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांतच बिघाड झाला आणि तो तसाच पुढच्या पेशींत उतरला, तर ती पेशी कोणाचेही न ऐकता वाढू लागते. एवढ्याने लगेच कर्करोग होतो असे नाही. सामान्यतः असे अनेक बिघाड एकावर एक साचावे लागतात व त्यास पुष्कळदा दहा-वीस वर्षे लागतात. म्हणूनच हा रोग उतारवयात अधिक आढळतो, आणि म्हणूनच तिशी-चाळिशीतील राहणीला एवढे महत्त्व आहे.

आता मेदाविषयी. मेद म्हणजे अडीअडचणीसाठी भरून ठेवलेली धान्याची कणगी, असे पूर्वी मानले जाई. ही कणगी मुकाट्याने पडून राहत नाही, असे पुढे दिसून आले. मेदपेशी अनेक द्रव्ये रक्तात सोडतात. स्त्रीची मासिक पाळी थांबल्यावर तिच्या बीजांडकोशातून इस्ट्रोजेन जवळजवळ येईनासे होते; त्यानंतर ते मुख्यतः मेदातच तयार होते. मेद जितका अधिक, तितके इस्ट्रोजेन अधिक, आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींना वाढीची चिथावणीही तितकी अधिक. शिवाय स्थूल शरीरात इन्सुलिनचे प्रमाण चढते राहते, व तेही पेशींच्या वाढीस उत्तेजन देते. मेदात सतत धुमसणारा सौम्य दाह ही तिसरी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली तेरा प्रकारच्या कर्करोगांचा अतिरिक्त मेदाशी संबंध असल्याचा निर्वाळा दिला. मोठे आतडे, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड व पित्ताशय यांचे कर्करोग त्यांत येतात.

आपल्या राज्यातही विचार करण्याजोगा पुरावा आहे. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शी, परांडा, भूम या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. या नोंदी शेजारी ठेवल्या असता, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा मुंबईत बरेच अधिक दिसते. याचे सर्व खापर वजनावर फोडता येणार नाही. उशिरा होणारे पहिले बाळंतपण, कमी मुले आणि अल्पकाळ स्तनपान यांचाही त्यात वाटा आहे. पण बैठे काम आणि त्याबरोबर वाढणारे वजन आता खेड्यांतही पोहोचले आहे.

वजन किती असावे? आशियाई लोकांच्या बाबतीत १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५९ किलोच्या पुढे गेले की धोका वाढू लागतो, असे मानतात. वजनकाटा नसल्यास शिंप्याची फीत पुरे. कमरेचा घेर पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपाझप चालावे. मद्य तर कर्करोगास स्वतंत्रपणेही कारणीभूत होते व वजनही वाढविते.

मात्र, अंगाने सडसडीत माणसाला तंबाखू किंवा मिश्री चालते, असा अर्थ कोणी काढू नये. तोंडाचा कर्करोग वजन पाहून येत नाही.

शासकीय आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. स्थूलतेशी सर्वांत घट्ट नाते असलेला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र या तपासणीत येत नाही. तो बहुधा स्वतःच वेळेवर सूचना देतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ही ती सूचना. संकोचापोटी घरात ती कोणाला सांगितली जात नाही, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून महिने जातात. ते रक्त एकदाच व थेंबभर दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. या अवस्थेत सापडलेला हा रोग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो.