परम ते रुद्र: रेणूंच्या गणिताला सरकारी पाठबळ

रेणूचे गुणधर्म प्रयोगाविना, निव्वळ गणिताने काढायचे तर खरी अडचण आकाराची असते. नेहमीच्या डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) पद्धतीत अणू दुप्पट झाले की गणनेचे काम साधारण आठपट होते. म्हणून रसायनशास्त्राला आणि मटेरियल सायन्सला महासंगणक कायमच अपुरे पडत आले. महाराष्ट्रात ही गरज मुख्यतः सरकारी पैशावर भागली.

अमेरिकेने क्रे महासंगणक देताना आडकाठी केली आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडले होते. काम त्यांच्यात वाटायचे तर प्रोग्रामही नव्याने लिहिणे भाग होते, आणि इथे यंत्राइतकीच रसायनशास्त्रज्ञांची युक्ती कामी आली. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी नव्वदच्या दशकात मॉलिक्युलर टेलरिंग पद्धत विकसित केली. मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा वेगळा सोडवायचा आणि उत्तरे जोडताना दुबार आलेला भाग वजा करायचा. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांनी रेणूतील इलेक्ट्रॉनांचे गणित मांडणाऱ्या कपल्ड क्लस्टर सिद्धांतावर काम केले.

पुढे परम १००००, पद्म, युवा अशी यंत्रे आली. मात्र नोव्हेंबर २००७ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आलेला पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक टाटांच्या पैशाने उभा राहिला होता. सरकारी यंत्राला ती जागा आजवर मिळालेली नाही.

२०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले. त्यातून २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये तीन परम रुद्र आले. मटेरियल सायन्ससाठीचा दिल्लीला गेला, पुण्याच्या वाट्याला खगोलशास्त्राचा आला.

निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी फार्मसी किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्याची सुरुवात बहुधा डॉकिंगने होते. प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा रेणू कसा बसतो, हे ऑटोडॉक व्हिनासारखा फुकट प्रोग्राम साध्या संगणकावरही काढून देतो. तीच जोडी पाण्यात शंभर नॅनोसेकंद हलवून पाहायची म्हटले की साधा संगणक दमतो. अशा संस्थांसाठी सी-डॅकने टेबलाशेजारी मावणारा परम शावक काढला, त्याला स्वतंत्र डेटा सेंटर लागत नाही. प्रोग्रामच्या बाबतीत स्वावलंबन त्या मानाने कमीच. धातू आणि स्फटिकांच्या गणनेसाठी सर्रास वापरला जाणारा व्हॅस्प व्हिएन्नाचा आहे आणि त्याचा परवाना पैसे मोजून घ्यावा लागतो.