घरोघरची यंत्रे – लेखांक सातवा : कमी पाण्याची फिर्याद

गेल्या लेखांकात धुलाईयंत्राच्या पोटातील मोटर, पट्टा आणि दातेरी चक्रे यांचा परिचय करून घेतला. या आठवड्यात, वरून कपडे घालावयाच्या यंत्राला अमेरिकेत गेल्या वीसएक वर्षांत जो नवा घाट देण्यात आला, आणि तो पाहून तेथील कुटुंबवत्सल गृहस्थांनी जो गिल्ला केला, त्याची हकिकत सांगावयाची आहे.

जुन्या यंत्राची रचना कोणासही पाहताक्षणी कळण्याजोगी होती. मोठ्या टबात कपडे बुडतील इतके पाणी भरावयाचे, मधोमध उभा असलेला पंखेदार खांब, ज्यास अ‍ॅजिटेटर म्हणतात, तो ताकाच्या रवीप्रमाणे उलटसुलट फिरावयाचा, आणि त्याच्या हिसक्यांनी कपडे वरून खाली, खालून वर असे फिरत परस्परांवर घासले जावयाचे. पाणी किती घ्यावे हे गृहिणी स्वतः खुंटी फिरवून ठरवी. एखादा मोजा बाहेर राहिला तर झाकण उचलून तो आत टाकण्याची मुभा असे. या सोयीची किंमत अशी, की एका धुण्यापायी कित्येक यंत्रे दीडशे लिटरच्या घरात पाणी खर्च करीत, आणि गरम पाण्याने धुण्याची तिकडील रीत लक्षात घेता धुलाईची बहुतांश ऊर्जा कपडे घुसळण्यात नव्हे, तर पाणी तापविण्यात जाई.

सरकारची दृष्टी वळली ती येथेच. तेलटंचाईच्या काळात, १९७५ साली, झालेल्या ऊर्जाविषयक कायद्याच्या आणि १९८७ सालच्या गृहोपकरणविषयक कायद्याच्या आधारे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जानेवारी २००१ मध्ये जो नियम जारी केला, त्याचा अंमल २००४ आणि २००७ अशा दोन टप्प्यांनी झाला. पुढे २०१५ आणि २०१८ मध्ये मर्यादा आणखी आवळण्यात आली, आणि टबाच्या दर घनफुटामागे एका धुण्यास ८.४ गॅलनांची परवानगी होती ती ६.५ गॅलनांवर, म्हणजे सुमारे २५ लिटरांवर, आली. या साऱ्या चाचण्यांत वीज मोजली जाई, पाणी मोजले जाई, पिळल्यानंतर कपड्यांत किती ओल उरली तीही मोजली जाई. मात्र ज्या प्रयोजनासाठी माणूस हे यंत्र घरात आणतो ते प्रयोजन, म्हणजे कपडे स्वच्छ झाले की नाही, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. सरकारी दप्तराचा हा स्वभाव आपल्याला नवा नाही.

कारखानदारांनी नियम पाळले, आणि ते पाळताना यंत्र बदलले. पुष्कळ नमुन्यांतून उंच खांब गेला आणि तळाशी एक बसकी तबकडी आली. पाण्याचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार गृहिणीकडून काढून वजन अजमावणाऱ्या यंत्रणेकडे देण्यात आला. झाकणास कुलूप बसले. फेस कमी करणारी निराळी पावडर वापरणे आवश्यक झाले. जून २००७ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत काही नव्या टॉप लोड यंत्रांतून डागाळलेली फडकी जवळजवळ जशी आत गेली तशीच बाहेर आली. त्याच सुमारास वॉशिंग्टनमधील कॉम्पिटिटिव्ह एंटरप्राइज इन्स्टिट्यूट या निर्बंधविरोधी संस्थेने नागरिकांना आवाहन केले, की आपली अंतर्वस्त्रे ऊर्जा खात्याच्या उपसचिवांकडे पाठवून द्यावीत. निषेधाची ही तऱ्हा सभ्यतेच्या सीमेवरची खरी, पण मुद्दा काय आहे हे त्या खात्यास समजावून सांगण्यास तिच्याइतका सोपा मार्ग क्वचितच सापडला असता.

तक्रारींचा खरा कडेलोट झाला तो मात्र २०१८ मध्ये. विस्कॉन्सिन राज्यातील रिपन या गावी स्पीड क्वीन नावाची यंत्रे तयार होतात. ज्यांना जुन्या धाटणीचे, भरपूर पाणी घेणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे यंत्र हवे असे, ते जास्त किंमत देऊनही याच नावाकडे वळत. त्या वर्षी कंपनीने नवा घाट आणला. खांब कायम ठेवला, परंतु तो टबास असा जखडला की दोघेही एकाच वेळी, एकाच दिशेस हेलकावू लागले. टब स्थिर असून खांब हलला तर कपड्यास घासणी बसते. दोघेही जोडीने हलले तर कपडा जागच्या जागी त्यांच्याबरोबर फिरतो, अशी ग्राहकांची कैफियत होती. इतर कंपन्यांचे गिऱ्हाईक यापूर्वीच कुरकुरत नव्या पद्धतीस सरावले होते. पण हे गिऱ्हाईक मुळात त्या पद्धतीपासून पळून येथे आश्रयास आलेले, तेव्हा त्यास ही चक्क फसगत वाटली. कंपनीने फार ताणून धरले नाही. थोड्याच अवधीत जुन्या पद्धतीने घुसळणारे ‘टीसी ५’ हे यंत्र तिने पुन्हा बाजारात आणले; त्यात ‘नॉर्मल इको’ नावाचे एक काटकसरी आवर्तन ठेवून नियमाची पूर्तता केली, आणि टब भरून पाणी घेणारी बाकीची आवर्तने ग्राहकाच्या मर्जीवर सोडली. कायद्याचे अक्षर राखून गिऱ्हाईकही राखण्याची ही युक्ती आपल्याकडील एखाद्या जुन्या कारकुनासही मान्य झाली असती. २०२१ मध्ये व्हर्लपूलने हवा तेव्हा बसवावा, नको तेव्हा काढावा असा अ‍ॅजिटेटर देऊन याच वादातून निराळी वाट काढली.

आता ही फिर्याद कितपत खरी? पाणी डोळ्यांस दिसत नाही, म्हणून कपडा स्वच्छ झाला नसावा, हा तर्क ग्राह्य धरता येत नाही. समोरून उघडणारी यंत्रे याहूनही कमी पाणी घेतात आणि उत्तम धुतात, कारण कपडा वर उचलला जाऊन खाली आपटतो आणि थोड्या पाण्यात साबणाची तीव्रताही अधिक राहते. परंतु तबकडीच्या यंत्रात कपडे वर उचलले जात नाहीत, ते नुसते ढिगाने सरकतात. ढीग मोठा झाला की वरच्या थरापर्यंत हालचाल पोहोचत नाही. खळबळण्याचे तर सारे काम पाण्याच्या राशीवरच चालते: जितके पाणी थोडे, तितका साबण कपड्यात अधिक उरणार, आणि सवयीने मूठभर पावडर जादा टाकणाऱ्याच्या बाबतीत तर तो हमखास उरणार. म्हणजे धुण्याविषयीची तक्रार अर्धी खरी, खळबळण्याविषयीची बरीचशी खरी, आणि निवडीचा हक्क हिरावल्याविषयीची पुरती खरी, असा माझा निवाडा आहे.

नळास दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या गावांतील वाचकास पाणी कमी लागते म्हणून रुसणारे हे लोक विचित्र वाटतील. तथापि आपल्याकडील सेमी-ऑटोमॅटिक यंत्राचा चाहताही पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून भरतो, आणि पूर्ण स्वयंचलित यंत्र घरी आले की पहिले काही दिवस झाकणाच्या काचेतून संशयाने डोकावतच असतो.

नवे टॉप लोड यंत्र घेण्यास निघालेल्या वाचकांनी दुकानदारास तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: पाण्याची पातळी आपल्या हाती आहे काय, एक खळबळणी वाढविण्याची सोय आहे काय, आणि चालू यंत्र थांबवून झाकण उघडता येते काय. पुढील लेखांकात समोरून उघडणाऱ्या यंत्रांच्या रबरी कड्यातील बुरशीचा, आणि तिच्यापायी अमेरिकेत चाललेल्या खटल्यांचा विचार करू.