‘उधळ्या पुत्रा’ची नक्कल : जो माल, तेच नाव

फ्रेम बनविणारे, छापखानेवाले आणि भेटवस्तूंचे दुकानदार यांच्यासाठी आज थोडी वेगळी माहिती देत आहोत. बायबलमधील प्रसंगांवरील जुन्या चित्रांच्या नकला जगभर विकल्या जातात. आपल्याकडेही वसई, मुंबई, गोव्यातील ख्रिस्ती घरांत अशी चित्रे लावलेली दिसतात. या धंद्यात मूळ चित्रकाराला पैसे द्यावे लागत नाहीत. कमाई होते ती कारागिरीची आणि विश्वासाची. म्हणून एकाच चित्राच्या उदाहरणाने हा माल समजून घेऊ.

डच चित्रकार रेम्ब्रांट १६६९ साली वारला. ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ हे त्याच्या अखेरच्या काळातील चित्र. वाटणीचा पैसा उधळून कंगाल झालेला मुलगा घरी परततो, बापापुढे गुडघे टेकतो आणि म्हातारा बाप त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवतो, असा हा प्रसंग आहे. १७६६ साली हे चित्र रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या संग्रहात गेले. आज ते सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. उंची सुमारे २६२ सेंटिमीटर आणि रुंदी २०५ सेंटिमीटर. १९९२ साली हेन्री नौवेन या धर्मगुरूंचे या चित्रावरील पुस्तक निघाले आणि चित्राची ओळख आणखी वाढली.

नकलेचे चार प्रकार

पहिला प्रकार ऑफसेट छपाईचा. चार रंगांच्या ठिपक्यांनी कागदावर छापलेले हे चित्र सर्वांत स्वस्त. भिंगातून पाहिल्यास ठिपक्यांची फुलासारखी ठरावीक जाळी दिसते.

दुसरा प्रकार ‘जिक्ले’. फ्रेंच भाषेतील फवारणे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव १९९१ साली अमेरिकेत रूढ झाले. नाव भारदस्त असले तरी हा इंकजेट प्रिंटच आहे. मात्र तो चांगल्या कागदावर किंवा कॅनव्हासवर काढतात आणि त्यात ठिपक्यांची जाळी दिसत नाही. यात शाई कोणती, हे महत्त्वाचे. पिगमेंट शाई वर्षानुवर्षे टिकते. साधी डाय शाई उजेडात लवकर फिकी पडते.

तिसरा प्रकार फसवा आहे. कॅनव्हासवरील प्रिंटवर ब्रशने पारदर्शक जेल किंवा थोडा रंग फिरवितात. हाताला उंचवटे लागतात, म्हणून गिऱ्हाईक त्याला हातचे चित्र समजते. बॅटरीचा उजेड बाजूने टाकून पाहा. ब्रशचे फटकारे एका दिशेला आणि खालच्या चित्रातील रेषा दुसऱ्या दिशेला जात असतील, तर तो छापील माल समजावा.

चौथा प्रकार खरोखर हाताने काढलेल्या तैलचित्राचा. चीनमधील शेन्झेन शहराजवळच्या दाफेन गावात १९८९ साली हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याने असे काम सुरू केले आणि गावच या धंद्यावर उभे राहिले.

माप चुकले की चित्र कापले जाते

फ्रेमवाल्यांनी इकडे लक्ष द्यावे. या चित्राची उंची रुंदीच्या सुमारे १.२८ पट आहे. २४ इंच उंचीला रुंदी पावणेएकोणीस इंच लागते. तयार २४ बाय १८ च्या फ्रेममध्ये बसवायचे तर पाऊण इंच कापावे लागते. चित्राच्या उजव्या बाजूला लाल झगा घातलेला माणूस उभा आहे. तो थोरला भाऊ असे सहसा मानले जाते. त्या कडेला कात्री लावून चालत नाही. फ्रेम मापाने बनवावी किंवा भोवती माउंट द्यावा.

छपाईवाल्यांसाठी दुसरी गोष्ट. २४ इंच उंचीला दर इंचास ३०० ठिपके हवे असतील, तर फाइलची उंची ७,२०० पिक्सेल पाहिजे. हे चित्र तपकिरी आणि काळोखे आहे. मागच्या माणसांचे अंधुक चेहरे प्रिंटमध्ये काळे पडतात. आधी छोटा तुकडा छापून पाहावा.

कायदा आणि कागदपत्रे

आपल्याकडे चित्रावरील कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. रेम्ब्रांटच्या चित्राला तो लागू नाही. प्रश्न येतो तो चित्राच्या फोटोचा. जुन्या चित्राच्या हुबेहूब फोटोला नवा कॉपीराइट नाही, असा निकाल १९९९ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने दिला. युरोपीय संघानेही २०१९ च्या निर्देशात तेच तत्त्व घेतले. तरी फाइल कोठून घेतली आणि कोणत्या अटीवर, याची नोंद ठेवावी. ॲमस्टरडॅमचे राइक्स संग्रहालय आपल्याकडील जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली विनामूल्य देते. तेथे रेम्ब्रांटची इतर चित्रे मिळतात.

निर्यातीत संपूर्ण हाताने काढलेली चित्रे ९७०१ या शीर्षकाखाली येतात आणि छापील चित्रे ४९११ खाली. जेल फिरविलेला प्रिंट ९७०१ खाली दाखविला, तर माल अडकण्याची भीती आहे. कस्टम एजंटला प्रकार स्पष्ट सांगावा.

नक्कल करणे हा गुन्हा नाही, नक्कल अस्सल म्हणून खपविणे हा आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रकारांना नकला करू देतात. परंतु नक्कल मूळ मापाची चालत नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरविता येत नाही. आपल्या कारागिरांनीही हा नियम पाळावा. मागच्या बाजूला आणि बिलावर चित्राचे नाव, ‘रेम्ब्रांटच्या चित्रावरून’ हे शब्द, नकलेचा प्रकार, शाई, कागद व छपाईचे वर्ष लिहावे. ‘मर्यादित प्रती’ म्हणून विकाल तर एकूण किती प्रती हा आकडा लिहावा आणि त्यापुढे एकही छापू नये. ऐब सांगून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक परत येते. दोन वर्षांनी रंग उडालेले ‘हातचे चित्र’ घेऊन जो परत येतो, तो भांडायला येतो.