अमृत लपवले ते परळीला

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला आपल्याकडे कणकेचा एक दिवा करतात आणि त्याची ज्योत दक्षिणेकडे करून ठेवतात. दिवाळीच्या बाकीच्या पणत्यांशी त्या दिव्याचे नाते नाही. तो यमासाठी असतो. घरातल्या कुणाला अवेळी नेऊ नकोस, एवढीच त्यामागची विनवणी. त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीचे पूजन करतात, कारण समुद्रमंथनात अमृताचा कलश घेऊन तो याच तिथीला वर आला अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आपण नरकासुर म्हणून कारीट पायाखाली चिरडतो. अमावास्येला पूजा होते ती लक्ष्मीही मंथनातूनच निघालेली. आणि पाडव्याला ज्या बळीचे नाव घेतो, तो त्या मंथनाच्या वेळी असुरांचा राजा होता. चकल्या-शंकरपाळ्यांच्या धांदलीत ध्यानात येत नाही, पण दिवाळीचे हे चार दिवस म्हणजे एका फार मोठ्या आणि फार काळोख्या युद्धाचीच पाने होत.

माझा एक भाचा आहे. त्याच्या टेबलावर सहाशे-सातशे पानांच्या इंग्रजी कादंबऱ्यांची चळत असते. देवादेवांत युद्ध जुंपलेले, आकाश काळे पडलेले, आणि खाली माणसे कशीबशी जीव धरून राहिलेली, असा त्यांचा एकंदर मासला. असे काही आपल्याकडे का नाही, हा त्याचा प्रश्न. मी त्याला म्हटले, "अरे, आहे की! आणि तेसुद्धा बीड जिल्ह्यात. एस.टी.ने जाता येते."

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या जिल्ह्यात काढली आहेत. तेव्हा ऐकलेले व पाहिलेले थोडे सांगतो.

समुद्रमंथनाची कथा आपण लहानपणी ऐकतो ती चौदा रत्नांच्या यादीपुरती. घोडा निघाला, हत्ती निघाला, चंद्र निघाला. पण पुराणातली मूळ कथा तशी बाळबोध नाही. दुर्वासाच्या शापाने देवांचे तेज गेले, असुरांनी त्यांना मार मार मारले, आणि आता आपण उरत नाही असे दिसल्यावर देव शत्रूकडे तहाची बोलणी करायला गेले. अमृत मिळाले तर वाटून घेऊ, असा करार झाला. मंदराची रवी, वासुकीची दोरी. असुरांनी मोठ्या मानाने सापाचे तोंड धरले आणि त्याच्या फूत्कारांनी होरपळून निघाले. पहिल्याने वर आले ते हलाहल. ते शंकराने घशात धरले म्हणून जग वाचले. आणि अमृत हाती येताच करार मोडला! मोहिनीचे रूप घेऊन विष्णूने असुरांना फसवले, देवांच्या पंक्तीत येऊन बसलेल्या राहूचे डोके उडवले, आणि लगेच युद्धाला तोंड फुटले. त्या युद्धात बळी पडला, तर शुक्राचार्यांनी आपल्या विद्येने त्याला पुन्हा उठवला. कोण चांगला, कोण वाईट, हे सांगणे या कथेत वाटते तितके सोपे नाही. आमच्या कीर्तनकारबुवांना मात्र ते नेहमी सोपे जाई. असो.

या साऱ्या हाणामारीत माणूस कुठे आहे? मला तर तो कुठेच दिसत नाही. दोरी ओढायला त्याला कुणी बोलावले नाही, आणि पंगतीत त्याचे पानही मांडले नाही. हलाहल पसरले असते तर पहिल्यांदा मेला असता तो तोच!

पण गोदावरीच्या खोऱ्यातल्या लोकांनी ही कथा उचलून आपल्या अंगणात आणली आणि तिच्यात आपली जागा करून घेतली. मोठी मौज आहे ती. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली जिथे सांगितली गेली तेच हे नेवासे. तिथे मोहिनीराजाचे देऊळ आहे, आणि अमृताची ती कपटी पंगत इथेच बसली होती, असे गावकरी सांगतात. राहूचे शिर उडाले ते जाऊन पडले राहुरीला, आणि काया पडली ती कायगावला! व्युत्पत्तिशास्त्राच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला तरी चालेल. माणसाला आपल्या गावाच्या नावात देवादिकांच्या युद्धाचे रक्त सांडलेले हवे असते.

पंगत नेवाशाला झाली, तर मग उरलेल्या अमृताचे काय झाले? याचे उत्तर आग्नेयेला, बालाघाटाच्या डोंगररांगांत, परळीला मिळते.

परळीची कथा अशी. असुर अमृताच्या पाठीवर आहेत हे पाहून विष्णूने अमृत आणि धन्वंतरी दोघांनाही शंकराच्या लिंगात लपवले. असुर धावत आले, त्यांनी लिंगाला हात लावला, तो त्यातून ज्वाळा उसळल्या. ते पळाले. पुढे साध्या भक्तांनी भीत भीत हात लावला, तेव्हा त्यातून अमृताची धार वाहू लागली. पोटात वैद्य घेऊन बसलेला देव तो वैद्यनाथ. लोकांच्या जिभेवर त्याचा वैजनाथ झाला. परळीत लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची परंपरा आहे, आणि तिचे कारण ही कथा.

झारखंडातले देवघर हेही वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग म्हणून प्रसिद्ध आहे, आणि खरे ज्योतिर्लिंग कोणते, यावर दोन्हीकडचे अभिमानी पिढ्यान् पिढ्या भांडत आले आहेत. देवघरची कथा रावणाची, परळीची अमृताची. त्या वादात मी पडत नाही. परळीकर माझे मित्र आहेत.

देऊळ टेकडीच्या उतारावर आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. दगडी पायऱ्यांची लांब चढण चढून गेले की प्रशस्त लाकडी सभामंडप लागतो. शंकराच्या देवळात बहुधा चार पायऱ्या उतरून अंधाऱ्या गाभाऱ्यात जावे लागते. इथे गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीवर असल्यामुळे मंडपात बसल्या जागेवरून पिंडी दिसते. ज्याच्या पोटात एवढे मोठे रहस्य दडले आहे असा देव इतका उघड्यावर बसलेला पाहून मला प्रथम नवल वाटले होते. मग वाटले, दवाखाना असाच असावा. दारातून वैद्य दिसला पाहिजे.

आता हात लावण्याबद्दल. असुरांना ज्वाळा आणि भक्तांना अमृत, ही वाटणी कथेत सुबक दिसते. पण भक्त कोण हे ठरवायचे कुणी? लिंग ठरवील, असे कथा म्हणते. आपल्या समाजात ते ठरवीत आली ती मात्र दारावरची माणसे. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. लिंगातून ज्वाळा निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, पण माणसांच्या डोळ्यांतून निघालेल्या ज्वाळा आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिलेल्या आहेत.

परळीहून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाई. तिथेही हेच युद्ध, पण त्याची तऱ्हा निराळी. योगेश्वरीने इथे दंतासुराला मारले, अशी कथा आहे. तिचा मोठा उत्सव मार्गशीर्षात, पौर्णिमेला संपणारा. पण गावच्या बायकांना असुरापेक्षा लग्नाची गोष्ट जवळची. देवी मूळची कोकणातली. तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले, आणि वाटेत अंबाजोगाईला मुहूर्त टळला. वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले, देवी तिथेच राहिली आणि कुमारिकाच राहिली. जयंती नदीच्या काठी हत्तीखाना म्हणतात ती प्राचीन लेणी आहेत. तिथले दगडी हत्ती म्हणजे त्याच वऱ्हाडाचे, असे पोरे हात धरून दाखवतात. राक्षस मारणारी देवी मुहूर्ताला मात्र अडली! कोकणातल्या कितीतरी चित्पावन घरांची ही कुलस्वामिनी. पुण्या-मुंबईच्या ज्या कुटुंबांना बीडचा नकाशा दाखवता यायचा नाही, तीही लग्नकार्य झाले की ओटी भरायला तिथवर जातात.

आणि बळी? त्याचे तर शेतकऱ्यांनी सारेच उलटे केले. पुराणाच्या हिशेबी तो हरलेला. वामनाने त्याला पाताळात घातला. पण पाडव्याला ओवाळताना घरोघरी बायका म्हणतात, "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो." जिंकलेल्या पक्षाचे राज्य चालू असताना हरलेल्या राजाचे राज्य मागणारे लोक! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीची बाजू मांडली, ती या अंगणातल्या आठवणीला धरूनच. देवांच्या युद्धात माणसाने कुणाची बाजू घेतली, हे पोथीपेक्षा निरांजनाच्या ताटाला विचारावे.

बीड जिल्ह्यात अमृत म्हणजे काय, हे मात्र कथेत शोधावे लागत नाही. ते पाणी. मांजरा नदी याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, गवळवाडीजवळ उगम पावते, आणि उगमाच्याच मुलखात घोटभर पाण्यासाठी घागरींच्या रांगा लागतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून मिलो आणि सुकडी हे दोन शब्द उच्चारले की गप्प होतात. पोटासाठी माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. त्या कामांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली पाण्यावाचून बंद पडले. ज्या गावात अमृत लपवले, त्या गावात वाफ करायलाही पाणी नव्हते. २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

म्हणून दिवाळीच्या सुमाराला इथले चित्र आपल्याहून वेगळे असते. आपल्याकडे माणसे घरी येतात, तिकडे घरून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला तिकडच्या हिशेबात एक कोयता म्हणतात, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर घालून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जाते. मागे म्हातारी माणसे राहतात.

आणि वैद्याबद्दल बोलल्यावाचून परळीची गोष्ट पुरी होत नाही. २०१९ साली सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी आली, दुखले, तर खाडा होतो. खाडा झाला तर दंड होतो. मग डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाकू. त्याआधी २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ पासून होता. मुली होत नव्हत्या असे नव्हे. होऊ दिल्या जात नव्हत्या, आणि ते काम करणाऱ्या हातांना वैद्यकी येत होती. पहिल्याने निघाले हलाहल, असे कथेत आहे. ते आमच्या काळात पांढऱ्या कोटातून निघाले, आणि ते घशात धरायला कुणी पुढे आले नाही. बाया मात्र धरून होत्या.

याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही सांगितले पाहिजे. खेड्यापाड्यांतून, वाड्या-तांड्यांवरून रोगी तिथे येतात आणि बाहेरच्या झाडाखाली नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटतात. तिथली एखादी तरुण डॉक्टरीण रात्रपाळी करून डोळे चोळत बाहेर येते, तेव्हा परळीच्या लिंगात लपलेला तो वैद्य अगदीच आत बसून राहिला नाही, असे वाटते.

परळीला मी शेवटचा गेलो तो आश्विनातच. गर्दी बेताची होती. माझ्यापुढे एक तरुण बाई होती, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. बाई वाकून त्या मुलीचा हात पिंडीला लावू पाहत होती, आणि मुलगी हात आखडून घेत होती.

"चला बाई, उरका. मागं माणसं खोळंबलीत," पुजारी म्हणाले.

"थांबा की बाबा, लेकराचा हात पुरंना. उद्या पहाटं निघायलोत कारखान्याला. आता एकदम चैतातच वापस येऊत."

पुजाऱ्यांनी आम्हाला हातानेच थोपवले, पिंडीवरचा बेल बाजूला सारला आणि जागा करून दिली. मुलीने इवलासा तळवा टेकवला, आणि दगड गार लागला म्हणून चटकन मागे घेतला.